परवाना कुणाला, पोलीस कुणाला

१९५० साली फ्राम नसरवानजी बलसारा या पारशी गृहस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि यू-डी-कोलोन जवळ बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क सरकारने मान्य करावा, अशी त्यांची मागणी होती. मुंबई राज्यात त्याच वर्षीच्या ६ एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली होती. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. कायदा बहुतांशी टिकला. रद्द झाले ते मुख्यतः अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरचे निर्बंध. वकिलीच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. महाराष्ट्राच्या समाजाचा इतिहास वाचणाऱ्याने मात्र निकालाइतकीच त्या कायद्यातली सवलतींची कलमेही वाचायला हवीत.

मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. बंदी सर्वांना, असे वरवर पाहता वाटते. पुढे कलमे सुरू होतात. लष्कराच्या आणि नौदलाच्या मेसला सवलत. जहाज कंपन्यांना परवाना. परदेशी राजे आणि राजदूत यांना खास परवाना, पाहुण्या प्रवाशांना वेगळा. चर्चमधल्या धार्मिक विधीसाठी वाइनला मुभा. प्रकृतीसाठी दारू लागते असा डॉक्टरचा दाखला आणणाऱ्यालाही परवाना. शिवाय, जिथे दारू सर्रास प्यायली जाते अशा परदेशात जन्मलेल्या आणि वाढलेल्या माणसालाही. म्हणजे लहानपणापासूनची सवय हे सवलतीचे कारण होऊ शकते, हे कायद्याला मान्य होते. तशीच सवय डहाणूच्या वारल्याची होती, अलिबागच्या भंडाऱ्याची होती, परळच्या गिरणी कामगाराची होती. त्यांच्यासाठी कलम लिहिले गेले नाही.

एवढ्यावरून दारूबंदी हे ढोंग होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बंदी आणणारी बी. जी. खेर, डॉ. मंचरशा गिल्डर, मोरारजी देसाई ही माणसे जे बोलत ते मनापासून बोलत. दारूने गरिबांची घरे धुळीला मिळतात हे त्यांनी पाहिले होते आणि ते खरेही होते. पण गरिबाच्या पिण्याकडे गुन्हा म्हणून पाहायचे आणि वरच्या वर्गाचे पिणे ही गरज, प्रकृती किंवा रीत मानायची, ही नजर त्यांच्या आधीच सरकारी दप्तरात मुरलेली होती. तिची मुळे शोधायची तर १८७८ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. तोवर कोकणात आणि ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात दारू घरगुती होती. भंडारी माडाच्या पोयीला छाट देऊन मडके बांधायचा, माडी उतरवायचा, वाटल्यास तिथेच गाळायचा. रानातली आदिवासी वस्ती मोहफुलांची दारू स्वतःपुरती काढायची. नव्या कायद्याने गाळण्याचा हक्क मोठ्या मक्तेदारांकडे गेला, झाडागणिक कर बसला आणि उरणच्या सरकारमान्य भट्ट्यांची दारू गावोगावच्या परवानाधारक दुकानांतून विकली जाऊ लागली. या व्यापारात पारशी मक्तेदार मोठ्या संख्येने होते. झाडावरच्या कराविरुद्ध भंडाऱ्यांनी ओरड केली, पण सरकार फारसे बधले नाही. खप कमीत कमी आणि महसूल जास्तीत जास्त, असे इंग्रज सरकारचे अबकारी धोरण सांगितले जाई. यातली दुसरी गोष्ट तेवढी नेमाने साधली.

मोहाचे प्रकरण तर याहून कठोर. चैत्राच्या आगेमागे पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. बायका आणि पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात, फुले वेचतात, अंगणात वाळवतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की हीच फुले उकडून, भाजून, भाकरीत घालून खातात. दारू हा त्या फुलाचा एक उपयोग, एकमेव नव्हे. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुले बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आणले. सरकारी दारूच्या खपाला घरगुती दारूची झळ लागू नये, हा त्यामागचा हिशेब होता. उपाशी दिवसांसाठी राखलेले अन्न त्यामुळे संशयाचा माल झाले.

पिण्याविरुद्धचा आवाज फक्त वरच्या वर्गातून आला, हा समजही खोटा आहे. १८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढत होती, तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी लेखी विरोध नोंदवला होता. आणि १९२२ मध्ये जे घडले त्याला तर तोड नाही. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून एका देवीची हाक निघाली. ती अंगात येणाऱ्यांच्या तोंडून बोलू लागली: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या मक्तेदाराकडे कामाला जाऊ नका. ही लाट डोंगर चढून दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोहोचली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर आख्खे पुस्तक लिहिले आहे. या चळवळीला सुरुवातीला कुणी शहरी पुढारी नव्हता. काँग्रेसचे कार्यकर्ते मागाहून आले. दारू सोडणे म्हणजे दारूवाल्या सावकाराच्या कर्जातून आणि त्याच्या शेतावरच्या वेठीतून सुटणे, एवढे त्या माणसांना पक्के कळले होते. नीती आणि पोट यांची इतकी स्वच्छ सांगड पुढच्या कुठल्याही सरकारी दारूबंदीला घालता आली नाही.

पाच वर्षांनी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धागा वेगळ्या टोकाने पकडला. मार्च १९२७ च्या शिक्षणावरील भाषणात त्यांनी हिशेब मांडला: सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी २ रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे लोकांकडून दारूपोटी घेता, निदान तेवढे त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. दारूचा कर सर्वाधिक भरत होता तो कष्टकरी, आणि शाळेच्या बाकावर सर्वांत कमी बसत होती ती त्याचीच मुले. दारू पिणाऱ्याला उपदेश करणारी भाषणे त्या काळात पुष्कळ झाली. त्याने भरलेल्या कराचा हिशेब मागणारी फार थोडी.

मध्यमवर्ग स्वतःच्या पिण्याकडे कसा पाहत होता, हे रंगभूमीवर दिसते. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. मराठीतला सर्वांत गाजलेला दारुडा हा सुधाकर, आणि तो वकील आहे. त्याच्या पिण्याला कारण आहे: अपमान, दुखावलेला स्वाभिमान, मित्राची संगत. त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या भूमिकेतल्या बालगंधर्वांना फाटक्या वस्त्रांत पाहून प्रेक्षक रडत. सुधाकराच्या वाट्याला करुणा आली, आणि ती योग्यच होती. पण त्याच काळात गिरणगावातल्या माणसाच्या पिण्याची गोष्ट कुणी शोकांतिका म्हणून लिहिली नाही. बारा-बारा तास उभ्याने काम, कापसाची धूळ, दहा बाय दहाच्या खोलीत दोन बिऱ्हाडे, कोपऱ्यावर गुत्ता. तोही कुणाचा तरी नवरा होता आणि त्याच्याही घरी सिंधू होती. त्याच्या बाबतीत कारणे शोधली गेली नाहीत. त्याला व्यसनी म्हटले गेले आणि विषय संपला.

मुंबई शहरात पहिली सरकारी दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ रोजी आली. गिल्डर अबकारी आणि आरोग्य खात्याचे मंत्री होते, स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ आणि पारशी. विरोध कुठून आला हे पाहण्यासारखे आहे. दारू-ताडीच्या दुकानांवर पोट असलेल्या पारशी कुटुंबांनी विरोध केला हे तर उघडच होते. बुडणारा महसूल भरून काढायला सरकारने शहरी मालमत्तेवर १० टक्के कर बसवला, तेव्हा घरमालक आणि मालमत्ता बाळगणारे धर्मादाय न्यासही चिडले. गरिबाची दारू बंद व्हावी यावर सहमती होती. त्याची किंमत आपण मोजावी यावर नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो पहिला प्रयोग विस्कटला.

दुसरा प्रयोग मात्र बराच काळ चालला. १९४९ चा कायदा आल्यावर मुंबईत दोन शहरे झाली. एका शहरात परवाना होता. डॉक्टर ओळखीचा असे, दाखला मिळे, अर्ज भरला जाई आणि महिन्याच्या ठरलेल्या बाटल्या घरपोच नाही तरी उजळ माथ्याने आणता येत. दुसऱ्या शहरात हातभट्टी होती. धारावी, कोळीवाडा, अँटॉप हिल, खाडीकडेच्या तिवरांत पिंपे पुरलेली असत. काळा गूळ, नवसागर, सडकी फळे आणि पाणी असे मिश्रण काही दिवस आंबवायचे, मग खाली जाळ लावून नळीतून वाफ उतरवायची. पहिल्या धारेची महाग. माल रबरी ट्यूबांतून आणि फुग्यांतून शहरात येई. कधी बायका तो पोटाशी बांधून, वर लुगडे नेसून लोकलने आणत. माझगाव, वांद्रे, गिरगाव इथल्या गल्ल्यांत आंट्यांचे अड्डे चालत. घरातल्याच टेबलावर नवटाक, पावशेर, सोबत उकडलेले अंडे किंवा चणे. त्यातल्या पुष्कळशा बायका विधवा होत्या किंवा एकट्या संसार ओढत होत्या. हप्ता देत, छापा पडला की आत जात, सुटून आल्या की पुन्हा तेच करत. याच धंद्यातून वरदराजन मुदलियारसारखे दादा उभे राहिले. मुंबईच्या संघटित गुन्हेगारीच्या पहिल्या भांडवलाचा मोठा वाटा हातभट्टीचा होता.

पोलीस कुणाच्या तोंडाचा वास घेत, हाही वर्गाचाच प्रश्न होता. १९५१ सालचे एक गाजलेले प्रकरण आहे. मुंबईचे प्रादेशिक परिवहन अधिकारी जीप चालवत असताना तिची धडक पादचाऱ्यांना बसली. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. आपण बी. जी. फॉस हे टॉनिक घेतले होते, असे त्यांनी सांगितले. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण बलसारा निकालानंतर औषधातला अल्कोहोल गुन्हा राहिला नव्हता आणि तो औषधातला नव्हता हे सिद्ध करणे सरकारचे काम होते. निकाल कायद्याला धरून होता आणि पुढच्या अनेक आरोपींना तो उपयोगी पडला. पण लालबागच्या चाळीतून रात्री उचललेला माणूस दिल्लीपर्यंत जाऊ शकत नव्हता. तो दुसऱ्या दिवशी गुन्हा कबूल करी, दंड भरी किंवा तुरुंगात जाई, आणि त्या दिवसाचा खाडा पडे तो वेगळाच. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन रक्तातल्या अल्कोहोलची ०.०५ टक्के ही मर्यादा आली. ती मोजायची वेळ कुणावर येणार, हे मात्र शिपायाच्या हातात राहिले.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात, परवाने सैल झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशी दारूची अधिकृत दुकाने आली. हातभट्टीचे विष थांबावे हे एक कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. दुसरे कारण साखरेच्या कारखानदारीत होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांत मळीचे साठे वाढत होते, आणि मळीपासून अल्कोहोल निघतो. त्या काळात राज्याचे राजकारण ज्या वर्गाच्या हाती स्थिरावत होते, त्याच्या कारखान्यांतला कच्चा माल आता कामगाराच्या बाटलीत जाऊ लागला. कायदा मात्र रद्द झाला नाही. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो आणि त्याच्यानुसार दारू प्यायला अजूनही परवाना लागतो: एका दिवसाचा ५ रुपयांना, आजन्म १ हजार रुपयांना. बारच्या दारावर ‘परमिट रूम’ ही पाटी तिथूनच आली. सहसा कुणी परवाना मागत नाही. ज्याला अडकवायचे असेल त्याच्याकडे मात्र तो मागता येतो. जवळजवळ प्रत्येक पिणारा कागदोपत्री गुन्हेगार ठेवायचा आणि पकडायचे निवडून, हे सत्तेच्या सोयीचे आहे, म्हणूनच ते टिकले आहे.

हीच चाल २००५ मध्ये डान्सबारच्या बाबतीत अगदी उघडी पडली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमे घातली गेली. ३३ अ कलमाने बारमधले नृत्य बंद केले. ३३ ब कलमाने जिमखाने, क्लब आणि तीन तारांकित व त्यावरील हॉटेले यांना त्यातून वगळले. ग्रामीण भागातली तरुण पोरे बारमध्ये जमिनीचे पैसे उधळतात, ही पाटलांची तळमळ खरी होती आणि पुष्कळ आयांनी त्यांना दुवा दिला. पण तेच नृत्य पंचतारांकित हॉटेलात अश्लील का ठरत नाही, याला उत्तर नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. वरच्या वर्गातल्या प्रेक्षकांची नीतिमत्ता अधिक चांगली असते हे गृहीतक मान्य करता येणार नाही, असा न्यायालयाचा रोख होता. दरम्यान आठ वर्षे गेली होती. हजारो बायकांचा रोजगार बुडाला होता आणि त्यातल्या कित्येकींना याहून वाईट धंद्यात उतरावे लागले होते.

वाइनच्या वाट्याला वेगळे नशीब आले. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला अबकारी करात सवलत दिली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली; अण्णा हजारे आणि इतरांनी विरोध केल्यावर विषय मागे पडला. त्याच वर्षी काजूची बोंडे आणि मोहफुले यांच्यापासून बनणाऱ्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा याबद्दल दुमत नाही. पण वारल्याच्या आजीने वेचलेली मोहफुले १८९२ मध्ये गुन्ह्याचा माल होती, आणि तीच आता आकर्षक बाटलीत भरून विकता येणार असतील, तर निदान त्या बाटलीच्या नफ्यात वेचणाऱ्या हातांचा वाटा किती, हे धोरणात लिहिलेले असावे.

राहता राहिली ती बाई, जिच्या नावाने हे सगळे केले गेले. दारूविरुद्ध महाराष्ट्रातली सर्वांत चिवट लढाई तिनेच लढली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासोबत गावोगावच्या बायका उभ्या राहिल्या आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातून २०१० च्या डिसेंबरात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. चोरटी दारू वाढली, हे खरे. पण चोरटी दारू बंदी नसलेल्या मुंबईतही होती: त्याच वर्षी जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. मेली ती हातावर पोट असलेली, नाका कामगार, रिक्षावाले, सफाईवाले. परमिट रूममधली बाटलीही त्यांना महाग होती.

मे २०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी मंत्रिमंडळाने उठवली. समितीचा अहवाल होता, गुन्ह्यांची आकडेवारी होती, बुडालेल्या महसुलाचा हिशेब होता. राज्याला दारूतून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. हा पैसा सोडणे कुठल्याही सरकारला जड जाते, हेही समजण्यासारखे आहे. चिमूरहून चालत गेलेल्या बायकांचे मत मात्र घेतले गेले नाही. गावातले किंवा प्रभागातले दुकान बंद करण्यासाठी ‘बाटली उभी की आडवी’ असे मतदान घेण्याची सोय राज्यात आहे. पण २००८ च्या आदेशाने त्यात झालेल्या मतदानाचे बहुमत पुरेसे ठरवले नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावीत, अशी अट घातली. मजुरीला गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्याच्या धाकाने घरी बसलेली प्रत्येक बाई त्यामुळे दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. दारूबंदी असावी की नसावी यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण पुढचे धोरण लिहिणाऱ्यांनी एवढे तरी करावे: आमदार ज्या नियमाने निवडून येतात, त्याच नियमाने या बायकांची मते मोजावीत.